मानधनाची ओळ: दक्षिण सुदानमधील बालशिक्षण प्रकल्पाचा अनुभव

दक्षिण सुदानच्या जोंगलेई राज्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चालणाऱ्या बालशिक्षण केंद्रांच्या प्रकल्पाची प्रमुख म्हणून मी २०१८ च्या सुरुवातीला रुजू झाले. कार्यक्रम अधिकारी म्हणून काही वर्षे काढून आता पहिल्यांदाच अशा प्रकल्पाची पूर्ण जबाबदारी घेणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. आपत्कालीन शिक्षणाची किमान मानके, बालसंरक्षणाची आचारसंहिता, क्लस्टरच्या (एकाच क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांच्या समन्वय गटाच्या) बैठका आणि सुरक्षा प्रशिक्षण हे सारे तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरते. माझ्या हातून झालेल्या चुकीचा मात्र बालमानसशास्त्राशी काही संबंध नव्हता. ती अंदाजपत्रकातील एका ओळीत दडलेली होती आणि त्या ओळीवर सही माझीच होती.

पावसाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल तुम्हाला सगळेच बजावतील. शाळेचे वर्ष फेब्रुवारीत सुरू होते आणि मेच्या सुमारास पाऊस लागला की काळ्या चिकणमातीचे रस्ते कित्येक महिने ट्रकसाठी बंद होतात. निधी मार्चमध्ये मिळाला आणि खरेदीला तीन महिने लागले, तर खेळणी आणि ताडपत्र्या राजधानी जुबाच्या गोदामात पडून राहतात आणि मुले झाडाखाली बसतात. केंद्राची जागा गावाने कितीही आग्रहाने दाखवली तरी तिथे भूसुरुंग किंवा न फुटलेला दारूगोळा नाही अशी तपासणी झाल्याशिवाय मुलांना खेळायला सोडू नका. यात तडजोड नाही, आणि म्हणून यावर अधिक लिहीतही नाही.

आता मानधनाविषयी. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने दक्षिण सुदानी पौंडाचा ठरावीक दर सोडून दिला, तेव्हा तीन पौंडांहून थोडा कमी असलेला डॉलर एकदम साडेअठरा पौंडांवर गेला आणि त्यानंतरही घसरण थांबली नाही. पगार पौंडांत घेणाऱ्या सरकारी शिक्षकाच्या हाती, तोही महिनोन्‌महिने उशिरा, जे पडत असे त्यात घर चालणे अशक्य होते. २०१७ पासून युरोपीय संघाच्या मदतीतून प्राथमिक शिक्षकांना महिना ४० डॉलरचा प्रोत्साहन भत्ता मिळू लागला आणि पुष्कळ शिक्षक केवळ त्याच्या आधाराने वर्गात टिकून होते. हे मला माहीत होते. मी ते प्रस्तावाच्या पार्श्वभूमीच्या परिच्छेदात स्वतः लिहिले होते. तरीही केंद्रांतील सेविकांचे मानधन ठरवताना मी पाहिले ते जुबामधल्या इतर संस्थांच्या दरांकडे. चांगल्या कामाला चांगला मोबदला हवा, या अगदी प्रामाणिक भावनेने मी शिक्षकांच्या भत्त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम मांडली आणि दात्याने ती एकही प्रश्न न विचारता मंजूर केली.

एवढ्यावरच थांबले असते तरी निभावले असते. पण सेविकांच्या पदासाठीच्या अर्जाच्या अटींत मी आठवीपर्यंतचे शिक्षण आणि इंग्रजीत मासिक अहवाल लिहिता येणे या दोन गोष्टी घातल्या. अहवालाचा नमुना मुख्यालयाचा होता, तो इंग्रजीत होता, म्हणून अट इंग्रजीची, इतका साधा विचार त्यामागे होता. दशकानुदशके युद्ध पाहिलेल्या त्या काउंटीत (राज्याच्या आतला जिल्ह्यासारखा विभाग) या अटींत बसणारी माणसे होती कोण? प्राथमिक शाळांचे शिक्षक. ज्या बायका रोज संध्याकाळी वस्तीतली वीस-पंचवीस मुले भोवती जमवून डिंका या स्थानिक भाषेत गाणी म्हणत, गोष्टी सांगत, त्या पहिल्याच चाळणीत बाहेर पडल्या. गंमत अशी, की दक्षिण सुदानचा २०१२ चा शिक्षण कायदा बालशिक्षणापासून प्राथमिक तिसरीपर्यंत त्या भागातील भाषाच माध्यम म्हणून सांगतो. म्हणजे कायद्याला हव्या असलेल्या बाईला मी घरी पाठवले आणि तिच्या जागी शाळेतला मास्तर उचलून आणला. सहा आठवड्यांत दोन शाळांतील सात शिक्षक आमच्या केंद्रांत आले. मी मुख्यालयाला कळवले की अर्हताप्राप्त कर्मचारी मिळाले.

त्यानंतर एका शाळेचे मुख्याध्यापक उन्हातून चालत आमच्या कार्यालयात आले. ते आवाज चढवून बोलले नाहीत. पहिली ते तिसरी आता एकाच शिक्षकाकडे आहे, एवढे सांगून त्यांनी विचारले, "तुमच्याकडची चार वर्षांची मुले सहाची झाली की त्यांना कुठे पाठवणार आहात?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही तो प्रसंग लिहिताना मला अवघडल्यासारखे होते.

याहून अधिक बोचते ती दुसरीच गोष्ट. आमचा क्षेत्र समन्वयक त्याच काउंटीत वाढलेला होता. मानधनाचा तक्ता पहिल्यांदा दाखवला तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हे पैसे फार चांगले आहेत." मी माझ्या वहीत 'सहकाऱ्यांची पसंती' असे लिहून ठेवले. आठ महिन्यांनी तो मला म्हणाला की त्या दिवशी त्याने मला सावध केले होते. नव्या, परक्या आणि वरिष्ठ बाईला भर बैठकीत चूक दाखवण्याची ही त्याची रीत होती, आणि मला ती ऐकू आली नाही. तेव्हापासून दूरच्या नामवंत मार्गदर्शकांवरचा माझा विश्वास बराच उतरला आहे. दहा दिवसांसाठी येऊन सादरीकरण करून जाणारे सल्लागार मला भरपूर भेटले. त्यांच्यापैकी कोणीही शिक्षकाच्या हाती किती पैसे पडतात हे विचारले नाही. कोणाला गुरू मानायचेच असेल तर त्या काउंटीतल्या माणसाला माना, त्याच्याशी बैठकीबाहेर बोला, आणि त्याच्या गप्प राहण्याचीही नोंद घ्या.

दुरुस्तीचे काम चुकीपेक्षा कितीतरी लांबले. सही झालेल्या करारातले मानधन एकतर्फी कमी करता येत नाही आणि करूही नये. काउंटीच्या शिक्षण अधिकाऱ्यांसमोर चूक कबूल केली, दात्याकडे अंदाजपत्रकातील बदल मागितला, त्याला पाच महिने लागले. नवे करार शिक्षकांच्या भत्त्याच्या पातळीवर आणि केवळ सकाळच्या तीन तासांसाठी केले. इंग्रजी अहवाल रद्द करून चित्रांची हजेरीवही आणली; अहवाल आमचे पर्यवेक्षक लिहू लागले. डिंकामध्ये गाणी म्हणणाऱ्या बायका आल्या, आणि खरे सांगायचे तर केंद्रे त्या दिवसापासून चालू लागली. सातपैकी चार शिक्षक परतले. दोघे दुसऱ्या संस्थेत गेले, एक जुबाला. त्यांच्या शाळेतील दुसरीचा वर्ग वर्षअखेरपर्यंत तिसरीबरोबरच बसत राहिला.

म्हणून अंदाजपत्रक लिहिण्यापूर्वी प्रत्यक्ष काउंटीत जा आणि शिक्षकाच्या हाती खरोखर किती पडते, आरोग्य स्वयंसेविकेला काय मिळते आणि इतर संस्था काय देतात हे विचारा. सरकारी वेतनश्रेणीचा कागद दाखवला तर तो बाजूला ठेवा आणि गेल्या महिन्यात किती मिळाले ते विचारा. नंतर अर्जाच्या अटी वाचून पाहा: यांत बसणारी माणसे आत्ता कुठे काम करत आहेत?

हे वाचून घाबरू नका. बालमानसशास्त्राची पदवी नाही म्हणून अनेक नवखे कचरतात, त्याची गरज नाही. युद्ध पाहिलेल्या बहुतेक लहान मुलांना आधी हवे असते ते रोज त्याच वेळी उघडणारे दार, ओळखीचा प्रौढ चेहरा आणि खेळ. विशेष उपचारांची गरज त्यांतल्या थोड्यांना असते, आणि त्यांना कुठे पाठवायचे हे तुम्हाला आधीच माहीत हवे. मात्र मुलांकडून हल्ल्याची चित्रे काढून घेऊन त्यांना प्रश्न विचारणारा उपक्रम कोणी सुचवला, तर दाता कितीही मोठा असो, त्याला नकार द्या.

तयार पेट्यांबद्दलही माझे मत फारसे अनुकूल नाही. ठोकळे, बाहुल्या आणि कोडी यांची पेटी उघडली की छायाचित्रे सुंदर येतात, पण पावसाळ्यानंतर त्यातले निम्मे उरत नाही. नदीकाठची चिकणमाती, ज्वारीची ताटे आणि चिंध्यांच्या बाहुल्या सेविका स्वतः करू शकतात. पेटी आणू नये असे मी म्हणत नाही, ती आली म्हणजे केंद्र तयार झाले असे समजू नका.

नोकरी शोधणाऱ्यांना एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. २०१६ च्या स्वयंसेवी संस्थाविषयक कायद्यानुसार संस्थांमध्ये सर्व स्तरांवर किमान ८० टक्के कर्मचारी दक्षिण सुदानी असावे लागतात, आणि ते योग्यच आहे. बाहेरच्यांसाठी जागा थोड्या आहेत, त्यामुळे केवळ मुलांबद्दलची कळकळ घेऊन येणाऱ्याला तिथे फारसे काम नाही. अंदाजपत्रक वाचायला, खरेदीचे वेळापत्रक आखायला आणि दात्याला नाही म्हणायला शिकून या. हे मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, दुसऱ्यांच्या मुलांचे वर्ष खर्ची घालून शिकले.

प्रकल्प सोडण्याची तयारी तो संपण्याच्या किमान एक वर्ष आधी सुरू करा. आमच्या चौदा केंद्रांपैकी नऊ केंद्रे प्राथमिक शाळांच्या आवारात हलवून त्यांच्या पालक-शिक्षक समित्यांकडे देता आली, कारण तोपर्यंत मानधनाचा आकडा त्यांना पेलण्याजोगा झाला होता. उरलेल्या पाचांपैकी दोन केंद्रे मी निघेपर्यंत बंद पडली होती. माझ्यानंतर आलेल्या सहकाऱ्याला दिलेल्या टिपणात पहिल्या पानावर मानधनाचा तक्ता होता आणि दुसऱ्या पानावर त्या मुख्याध्यापकांना पहिल्याच आठवड्यात भेटण्याची विनंती.