डॅन्यूबकाठी ग्रुपने सायकल चालवताय? या चुका टाळा

जर्मनीतलं पासाउ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा सायकलरस्ता तीनशे किलोमीटरच्या थोडा वर आहे. बहुतेक सपाट, मोटारींपासून बराचसा वेगळा. सामान व्हॅनमधून पुढच्या मुक्कामी जातं, सोबत गाइड असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच, "यात शिकायचं काय? शाळेपासून सायकल चालवतोय." ग्रुप नेताना मला धास्ती वाटते ती याच मंडळींची.

पासाउला हातात येते ती सायकल आपल्या सवयीची नसते. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताशी असतो, जर्मनी-ऑस्ट्रियात तो बहुधा डाव्या हाताशी. त्यातून भाड्याच्या कित्येक सायकलींचा मागचा ब्रेक पायडल उलटं दाबलं की लागतो. सिग्नलला थांबून सवयीने पायडल मागे फिरवून वर घ्यायला जावं, तर ते हलतच नाही. पाय टेकायच्या आत माणूस आडवा.

एका ग्रुपमध्ये दर रविवारी खडकवासल्यापर्यंत सायकल मारणारे एक गृहस्थ होते. अंगाने काटक, दमसास चांगला. सकाळी बाकीचे हॉटेलच्या अंगणात ब्रेकचा सराव करत होते, तेव्हा हे फोटो काढत फिरत राहिले. दुपारी पुलावरून खाली येणारा उतार लागला. रस्ता नुकत्याच पडलेल्या पावसाने ओला, आणि खाली एक कुत्रं आडवं आलं. त्यांनी मागचा ब्रेक समजून डावा हात करकचून आवळला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि ते हँडलवरून पुढे फेकले गेले. मनगट मोडलं. उरलेली सहल त्यांनी व्हॅनमध्ये, हात गळ्यात अडकवून काढली. त्यांच्या पत्नीलाही मग सायकल चालवण्यात गोडी राहिली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून निघण्याआधी अर्धा तास अंगणात घालवल्याशिवाय मी कुणालाही रस्त्यावर सोडत नाही. आधी सायकल हातात धरून ढकलायची आणि एकेक ब्रेक दाबून कुठलं चाक थांबतं ते पाहायचं. मग बसून, सावकाश. पुढच्या ब्रेकच्या दांडीला मी लाल चिकटपट्टी गुंडाळतो. कंटाळा आलेल्यांनी आणखी दोन फेऱ्या माराव्यात. सीटची उंचीही तिथेच ठरवून टाका: टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. सीट खाली ठेवली की सुरक्षित वाटतं, पण दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात.

दुसरी चूक गाइडच्या पुढे पळण्याची. "रस्ता नदीकाठानेच तर आहे, चुकणार कुठे?" अहो, रस्ता नदीच्या दोन्ही काठांनी आहे! श्ल्योगेनच्या वळणापाशी डाव्या काठचा रस्ता मध्येच तुटतो आणि तेवढं अंतर नावेतून जावं लागतं. मेल्क ते क्रेम्स या वाखाउ खोऱ्याच्या टप्प्यात तर मधे एकही पूल नाही. आमच्यातला एक तरुण मेल्कला मठ पाहून झाल्यावर कुणाला न सांगता सुटला. ग्रुप पूल ओलांडून उत्तर काठाला गेला, हा दक्षिण काठानेच जात राहिला. उत्तर काठावरच्या ड्युर्नश्टाइन गावच्या चर्चचा निळा-पांढरा मनोरा त्याला समोर दिसत होता, मुक्काम तिथेच होता, पण मधे अख्खी डॅन्यूब. संध्याकाळची शेवटची नाव सुटून गेलेली, फोन व्हॅनमधल्या बॅगेत. शेवटी पुढे क्रेम्सजवळच्या माउटर्नच्या पुलापर्यंत जाऊन तो पलीकडच्या काठाने उलटा आला, तेव्हा जेवणं आटोपली होती आणि गाइड त्याला शोधत दोन गावं फिरून आला होता. वेगात जायची हौस असेल तर खुशाल जा, पण पुढच्या फाट्यावर थांबा. हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी आणि फोन अंगावर ठेवा.

फोटोसाठी थांबताना आधी मागे हात दाखवा, मग सायकल रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या. उजवीकडून चालवा, कुणाला मागे टाकताना घंटी वाजवा.

पॅडवाल्या सायकलिंग चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालू नका. शिवणीच मांड्या सोलतात.

ई-बाइक घेणाऱ्यांनो, ताशी २५ किलोमीटरनंतर मोटर जोर देणं थांबवते, आणि सकाळपासून सगळ्यात वरच्या मोडवर चालवलीत तर दुपारनंतर बॅटरी संपून ते जड धूड स्वतःच्या पायांनी ओढावं लागेल.

व्हिएन्ना ते पासाउ अशी उलटी सहल स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, दिवसभर तोंडावर येतो.

ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं जवळजवळ सगळी बंद असतात. केळी, बिस्किटं, जर्दाळू शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेवा.