वॉर्डात पेशंटला हसवायचं कसं, आणि कुठे गप्प राहायचं

नर्सिंगच्या नवीन मुली वॉर्डात आल्या की हमखास विचारतात, ताई मला जोक सांगता येत नाहीत मग मी काय करू. तर आधी हे डोक्यातून काढून टाका, जोक सांगायचाच नसतो. मी इंदूरला 22 वर्षं सर्जरी आणि ऑर्थोच्या वॉर्डात काढली, पाठ केलेला जोक तिथे चालल्याचं मला तरी आठवत नाही. पेशंट स्वतःच काहीतरी बोलतो, बरेचदा अर्धंच वाक्य असतं, ते ऐकायचं, पकडायचं आणि त्याच सुरात परत द्यायचं. विनोद त्याचा, आपण फक्त जागा करून द्यायची.

कारण गाउन घातला की माणसाचा बेड नंबर होतो बघा. आयुष्यभर शाळा चालवलेल्या माणसाला सगळे सांगतात, हात द्या, कुशीवर व्हा, तोंड उघडा. त्याने केलेल्या चेष्टेवर आपण मनापासून हसलो की तेवढ्यापुरता तो पुन्हा घरचा माणूस होतो.

एक काका होते, खुब्याचं हाड मोडलेलं, रामबागेकडचे. सलाईन लावायची होती आणि नस सापडेना, दोनदा टोचलं तरी नाही. भीतीने हात गार पडतो, नसा आकसतात, मग अजूनच मिळत नाहीत. काका छताकडे बघत म्हणाले, "सिस्टर, आमच्या गल्लीत पाइप टाकायला आले होते त्यांनीसुद्धा एवढे खड्डे नव्हते केले." मी म्हटलं, "काका, पण आम्ही लगेच बुजवतो की, हा बघा कापूस." ते जे हसले ना, खांदे खाली आले, वळलेली मूठ सुटली. दोनदा नाही जमलं की तिसऱ्यांदा आपण टोचायचं नाही, दुसरीला बोलवायचं, हा नियम मी कधी मोडत नाही, तर दुसऱ्या सिस्टर येईपर्यंत हात गरम पाण्याच्या कपड्यात धरून ठेवला आणि काका गल्लीचे खड्डे मोजून सांगत होते. त्या सिस्टरना पहिल्याच वेळी नस मिळाली. यात मी काय केलं, तर त्यांचं ऐकलं आणि एक वाक्य बोलले. दुसरं बोलले असते तर कदाचित बिघडलं असतं, म्हणून एका वाक्यावर थांबायचं.

आता सुरुवात कशी करायची. खोलीत शिरताना आधी चेहरा बघा, मग अटेंडरचा, म्हणजे सोबत आलेल्या माणसाचा चेहरा बघा. दुखणं जोरात असेल तर आधी दुखण्याचं औषध, चेष्टा नंतर. मग साधं काहीतरी विचारा, काल झोप लागली का, घरी सकाळी पोहे कोण करतं. इंदूरला पोह्यांवर प्रत्येकाचं मत असतं, कोणाला वरून जिरावण मसाला जास्त, कोणाला शेव जास्त, तिथून माणूस आपोआप खुलतो. नाही खुलला तर नाही, काम करा आणि निघा, त्याचाही तो हक्क आहे. आणि मास्कमुळे आपलं हसू दिसत नाही हे विसरू नका, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तर नुसते डोळे बारीक झालेले दिसतात आणि वाटतं आपल्यालाच हसताहेत. समोर येऊन, सावकाश, मोठ्याने बोला.

चेष्टा कशाची करायची? हॉस्पिटलच्या चहाची, गाउनच्या मागच्या नाड्यांची, त्या करकरणाऱ्या कॉटची. शरीराची, वजनाची, वासाची, रडण्याची, पैशांची कधीच नाही. पेशंट स्वतःच्या पोटावर विनोद करेल, करू दे, आपण भर घालायची नाही.

आणि हे मी चुकून शिकले ते सांगते. देवासकडच्या खेड्यातली एक मावशी होती, माळवी बोलायची. तिला बेडपॅन देऊन पडदा ओढला आणि बाहेर मी आणि दुसरी सिस्टर, दोघी मराठी, ड्यूटीच्या अदलाबदलीवरून मराठीत काहीतरी बोलून मोठ्याने हसलो. तिला मराठी कळत नव्हतं. ती रात्रभर लघवी धरून बसली, पुन्हा बेडपॅन मागितलाच नाही, सकाळी तिच्या मुलीने सांगितलं तेव्हा कळलं. मी तिच्या कॉटवर बसून माफी मागितली, कशाला हसत होतो ते सगळं सांगितलं, तिने माझा हात धरला पण माझ्या मनातून ती रात्र गेली नाही. तेव्हापासून पेशंटजवळ पेशंटच्या भाषेत बोलायचं आणि पडद्याबाहेर हसायचं नाही, हे मी प्रत्येक नवीन मुलीला पहिल्या दिवशी सांगते.

लहान मुलांचं वेगळं. 1986 मध्ये न्यूयॉर्कला बिग ॲपल सर्कसच्या मायकल ख्रिस्टेनसन यांनी विदूषकांना डॉक्टरचं सोंग देऊन मुलांच्या वॉर्डात राउंडला न्यायला सुरुवात केली, आता बऱ्याच देशांत हे काम होतं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विदूषक दारातच विचारतो, येऊ का, आणि मूल नाही म्हणालं तर खरंच निघून जातो. सुईला नाही म्हणता येत नाही, औषधाला नाही, पण याला म्हणता येतं! आपल्याला विदूषकाचं नाक लावायची गरज नाही, स्टेथोस्कोप मुलाच्या हातात द्या आणि आधी मला तपास म्हणा, मग त्याच्या बाहुलीचं बीपी घ्या, मग त्याचं. ग्लोव्हचा फुगा मात्र अगदी लहानग्यांना देऊ नका, फुटला तर तुकडा तोंडात जातो.

डॉक्टरमंडळी म्हणतात वेळ कुठे आहे. 1997 मध्ये अमेरिकेत वेंडी लेविन्सन यांच्या टीमने डॉक्टरांची पेशंटशी झालेली बोलणी टेप करून तपासली होती. प्रायमरी केअरच्या ज्या डॉक्टरांवर पेशंटकडून कधी कोर्टाचे दावे झाले नव्हते ते जास्त हसत, हसवत, पुढे काय करणार ते आधी सांगत आणि पेशंटला बोलू देत. त्यांची भेट सरासरी 18.3 मिनिटं, बाकीच्यांची 15. तीन मिनिटांचा फरक, एवढाच. तुमच्या ओपीडीत तीन मिनिटं निघत नसतील तर नाव घेऊन हाक मारा, तेवढंही पोचतं.

दोन गोष्टी शरीराच्या सांभाळा. पोटाचं ऑपरेशन किंवा सिझेरियन झालेल्याला हसलं की टाक्यांवर ताण येऊन कळ येते, उशी पोटाशी घट्ट धरायला शिकवा, खोकतानाही तीच उपयोगी पडते. आणि दम्याच्या पेशंटला जोरात हसल्याने खोकला आणि धाप सुरू होऊ शकते, तिथे हळू घ्या. हसल्याने आजार बरा होतो असं मात्र कोणाला सांगू नका, दुखणं थोडं सुसह्य होतं आणि माणूस मोकळं बोलायला लागतो, खूप आहे तेवढं.

शेवटचं, ड्यूटी संपल्यावर पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना औषधांबरोबर हेही सांगत जा. बेड 7 चे काका चेष्टा करतात, त्यांना उत्तर द्या. 11 वाल्या आजींना सकाळी बोललेलं आवडत नाही, चहानंतर. बेड 9 चा बायोप्सी रिपोर्ट संध्याकाळी यायचाय, तिथे नुसतं बसा.