भाषणं ऐकून धंदा काढताय? मग या चुका टाळा

पुण्यात यशस्वी माणसांच्या भाषणांना तोटा नाही. रानड्यांनी 1875 ला वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या शहराला ऐकायची सवयच लागलीय, आणि आता तर टिळक स्मारकला जायला नाही जमलं तरी यूट्यूबवर तास-तासभराच्या मुलाखती आहेतच. चांगलीच गोष्ट आहे ती. पण नवीन धंदा किंवा क्लास काढलेली पोरं-पोरी माझ्याकडे हिशेब घेऊन येतात ना, तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते, की मुलाखत सगळी ऐकलेली असते पण त्यातला शेवट तेवढा डोक्यात राहिलेला असतो. आयपीओ, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात येणं, लक्षात राहतो, दुकानासमोरची रांग लक्षात राहते, पद्मश्री लक्षात राहते. मधली दहा-पंधरा वर्षं घर कशावर चाललं, भांडवल कुठून आलं, सोबत कोण होतं, हे सगळं गळून जातं. आणि आपल्या कामाचं असतं ते सगळं नेमकं तिथंच असतं हो.

"तो कुठं शिकलाय?" म्हणून कॉलेज सोडणं

हे उदाहरण देताना कैलाश काटकरांचं नाव हमखास येतं. दहावीनंतर शिक्षण थांबलं, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, आणि पुढं क्विक हील ही अँटीव्हायरसची कंपनी, 2016 ला ती शेअर बाजारात. खरंय सगळं. पण पुढचं पण ऐका ना. आपलं शिक्षण थांबलं तरी त्यांनी धाकट्या भावाला, संजयला, मॉडर्न कॉलेजला कॉम्प्युटर शिकायला लावलं. अँटीव्हायरस लिहिला तो त्या शिकलेल्या भावानं. म्हणजे शिक्षणाचं महत्त्व त्या घरात जेवढं कळलेलं होतं तेवढं आपल्यापैकी कितीजणांना कळलंय?

दुसरं म्हणजे दुरुस्तीचं काम चालू होतं, त्यातून रोजचा पैसा येत होता, आणि दुरुस्तीला येणारी मशिन्स पुन्हा पुन्हा व्हायरस घेऊन येतायत हे समोर दिसत होतं. गिऱ्हाईकाची अडचण आधी टेबलावर आली, प्रॉडक्ट नंतर आलं. त्यामुळं थर्ड इयरला असताना कॉलेज सोडायचा विचार करत असाल तर आधी बघा की रोजचं भागवणारं तुमचं दुरुस्तीचं टेबल कुठलंय आणि शिकलेला भाऊ कोण. दोन्हीपैकी एकही नसेल तर परीक्षा द्या, वर्षभरानं काही बिघडत नाही.

लकब उचलायची आणि काम विसरायचं

चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद, यावर जेवढं बोललं गेलंय तेवढं त्यांच्या दुधावर कुणी बोलत नाही. मी स्वतः एका नवीन मिठाईवाल्याला म्हणताना ऐकलंय की आपण पण वेळ पाळायची, गिऱ्हाईक येतं परत. अहो पण चितळ्यांची डेअरी भिलवडीला 1939 ची, बाजीराव रोडवरचं दुकान 1950 चं. आधी दुधाची सोय, मग दुकान, आणि वर्षानुवर्षं तीच चव. गिऱ्हाईक चारपर्यंत थांबायचं ते त्या भरवशावर. आणि 2017 ला त्यांनी स्वतःच दुपारची सुट्टी बंद केली की! ज्यांची ती सवय, त्यांनी काळ बघून सोडली, आणि नवीन माणूस तीच धरून बसलाय.

असंच रोज पहाटे चारला उठण्याचं, असंच साध्या चपला घालून हिंडण्याचं. माणूस मोठा झाला म्हणून त्याच्या सवयी लोकांच्या डोळ्यावर येतात, त्या सवयींमुळं तो मोठा झाला असं धरून चालू नका.

पहिले सहा महिने विक्री नाही म्हणून माल वाईट समजणं

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढं लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले थोडे नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. दोन वर्षं. आपल्याकडं इन्स्टावर दोन महिने ऑर्डर आली नाही की लोगो बदलतात.

पण नुसतं थांबायचं असं पण मी म्हणत नाही हं. माल चांगला आणि लोकांना सवय नाही ही एक अडचण, आणि माल मुळात नको आहे ही वेगळी अडचण, आणि दोन्हीवर औषध वेगळं आहे. ओळखायची सोपी खूण, ज्यांनी एकदा घेतला ते परत मागतायत का? दहा गिऱ्हाइकांत चार-पाच परत येत असतील तर थांबा, सवय लागतेय. एकही परत येत नसेल तर जाहिरातीवर पैसे घालू नका, त्या दहा जणांना फोन करा आणि गप्प बसून ऐका.

ऑर्डर मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं धरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त बघायला मिळते आणि सगळ्यात जास्त धंदे यातच बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाषणात ही गोष्ट कुणी सांगत नाही कारण सभागृहात उधारीवर बोलायला कंटाळवाणं वाटतं.

भोसरीत किंवा चाकणला छोटं वर्कशॉप आहे असं धरा. मोठ्या कंपनीचं 2 लाखाचं काम केलं, बिल दिलं, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 36 हजार. कंपनी म्हणते पेमेंट 90 दिवसांनी. पण दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाच, पैसे आले असोत नसोत, कच्चा माल घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाता जे उरेल ते खिशातून. शिवाय पोरांचा पगार एक तारखेला, लाइट बिल, मटेरियलवाला तर रोख मागतो. कागदावर नफा दिसतोय आणि बँकेत चार हजार शिल्लक. मग माणूस क्रेडिट कार्ड फिरवतो, मग सोनं ठेवतो, आणि वर्षभरात ऑर्डरी भरपूर असताना शटर खाली.

यावर कायदा आहे आणि तो पुष्कळांना माहीतच नसतो. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा 2006 चा आहे, त्यात लेखी करार असेल तरी पैसे द्यायला 45 दिवसांच्या वर मुदत घेता येत नाही, आणि लेखी करारच नसेल तर 15 दिवस. त्यापुढं उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जो बँक रेट नावाचा व्याजदर जाहीर करते त्याच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं. 2023-24 पासून तर इन्कम टॅक्समध्ये पण तरतूद आलीय, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट वेळेत केलं नाही तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. त्यामुळं आता मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतः फोन करून विचारतात, तुमचं उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, पाठवा.

तर करायचं काय? उद्यम नोंदणी माल द्यायच्या आधी करून घ्या, सरकारी वेबसाइटवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, एजंटला हजार-दोन हजार द्यायची गरज नाही. नंबर प्रत्येक बिलावर छापा. पर्चेस ऑर्डरवर मुदत लिहून घ्या. माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलन कॉपी फाइलला लावा, कारण पुढं तक्रार करायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो, माल पोचला कधी. एक लक्षात ठेवा, हे संरक्षण उत्पादन करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उशिराच्या पेमेंटचा हा फायदा मिळत नाही, नोंदणी असली तरी.

आणि कायदा आहे म्हणून लगेच नोटीस पाठवू नका बाबांनो. एकच गिऱ्हाईक असेल आणि त्यालाच नोटीस पाठवली तर पुढचं काम कोण देणार? आधी गिऱ्हाइकं वाढवा, एकाच कंपनीवर निम्म्याहून जास्त धंदा असेल तर तीच खरी अडचण आहे.

"आपण मित्रच आहोत, लिहायचं काय त्यात?"

पुण्यानं यावर शिकवलेला धडा फार जुना आहे. टिळक आणि आगरकर म्हणजे कॉलेजपासूनची मैत्री, शिक्षणासाठी आयुष्य द्यायचं हे दोघांनी मिळून ठरवलेलं. न्यू इंग्लिश स्कूल 1880 चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, फर्ग्युसन 1885 चं. 1882 ला दोघं डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. एवढं असून आगरकर केसरीतून बाहेर पडले, 1888 ला सुधारक काढला, आणि 1890 ला टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. सामाजिक सुधारणेवरचे मतभेद होतेच, पण सोसायटीत वाद झाला तो आजीव सदस्यांनी, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांनी, बाहेरची कामं करून कमवावं का, पगार किती घ्यावा, सगळा वेळ संस्थेलाच द्यावा का, यावर.

आज दोन मित्र मिळून स्टार्टअप काढतात ना, त्यांचं भांडण अगदी याच्यावरच होतं. एक जण नोकरी सोडून येतो, दुसरा "सध्या वीकेंडला बघतो" म्हणतो आणि हिस्सा निम्मा-निम्मा. टिळक-आगरकरांएवढ्या निःस्वार्थी माणसांना हे जड गेलं तर आपलं काय घेऊन बसलात. म्हणून पहिल्या महिन्यातच लिहून ठेवा: कोण किती वेळ देणार, पगार कधीपासून, बाहेरचं काम चालेल का, एक जण सोडून गेला तर त्याच्या हिश्शाचं काय. भागीदारीचा करार स्टॅम्प पेपरवर करा आणि तो करायला लाज वाटू देऊ नका. मैत्री टिकावी म्हणूनच लिहायचं असतं ते. संस्था मात्र टिकली हं, दोघं वेगळे झाले तरी फर्ग्युसन आजही उभं आहे, कारण सोसायटी कुणा एकाच्या नावावर नव्हती.

क्लास किंवा शाळा काढणाऱ्यांनी इमारतीपासून सुरुवात करणं

आधी एसी हॉल, मग प्रोजेक्टर, मग मुलं. भाडं सुरू होतं पहिल्या दिवसापासून आणि मुलं येतात जूनला. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला 1896 ला, पुढं पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत काम सुरू झालं, ते फर्ग्युसनला गणित शिकवायचे आणि संध्याकाळी शहरातून हिंगण्यापर्यंत चालत जायचे. नोकरी सोडली नव्हती त्यांनी. महिला विद्यापीठ 1916 ला आलं आणि विठ्ठलदास ठाकरसींची 15 लाखांची देणगी 1920 ला. झोपडी ते 15 लाख, मधे बरीच वर्षं गावोगाव फिरून गोळा केलेली छोटी वर्गणी. देणगीदार मिळाला की काम सुरू करू म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट बघावा. मला तर कर्व्यांचं हे चालणं त्यांच्या भारतरत्नापेक्षा मोठं वाटतं.

तोटा झाकून ठेवणं

घरच्यांना सांगायचं नाही, पार्टनरला अर्धंच सांगायचं, आणि दर महिन्याला वाटायचं की पुढच्या महिन्यात निघेल भरून. बॉयलर बनवणाऱ्या पुण्याच्या थरमॅक्स कंपनीची गोष्ट इथं आठवायला हवी. 1996 ला पतीच्या निधनानंतर अनु आगांनी कंपनी हातात घेतली, पुढच्या काही वर्षांत नफा घसरत गेला आणि कंपनी तोट्यात गेली. बाजार मंद आहे, आपण काय करणार, असं म्हणत बसता आलं असतं. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळ बदललं, मूळ कामाशी संबंध नसलेले उद्योग बंद केले. स्वतःच्या कुटुंबाच्या कंपनीत बाहेरच्याला बोलावून "आमचं कुठं चुकतंय ते सांगा" म्हणायला केवढी हिंमत लागत असेल!

आपल्याला एवढे मोठे सल्लागार परवडत नाहीत, पण पुण्यात विचारायची सोय आहे. मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना 1934 पासून आहे, पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीच्या आनंद देशपांड्यांनी छोट्या उद्योजकांसाठी दे आसरा फाउंडेशन काढलंय, तिथं जाऊन बोलता येतं. काहीच नाही तर गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि येणं-देणं एका कागदावर लिहा आणि धंद्यात नसलेल्या पण आकडे कळणाऱ्या एका माणसाला दाखवा, रिटायर झालेला बँकवाला काका असेल तर उत्तम. त्याला आधी काही समजावून सांगू नका. कागद हातात द्या आणि तो पहिला प्रश्न काय विचारतो ते ऐका.