टायमिंगचं काम : सेल्फ मारण्याआधी या चुका टाळा

गाडी टोचन करून येते, मालकाच्या हातात क्रँक आणि कॅमच्या दोन जुन्या सेन्सरची पिशवी असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "दोन्ही सेन्सर नवे टाकले, तरी चेक लाइट जात नाही." स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड पी 0016. गेल्या काही वर्षांत हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय की आता लिहायलाच बसलो.

पी 0016 म्हणजे सेन्सर खराब, असं नाही. क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकमेकांच्या हिशेबात जिथे असायला हवेत तिथे नाहीत, एवढंच तो कोड सांगतो. या दोघांचा मेळ म्हणजेच टायमिंग. सेन्सरच्या सर्किटचे कोड वेगळे असतात, कॅमचा पी 0340 आणि क्रँकचा पी 0335. ते नसताना सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. वायर आणि कनेक्टर जरूर बघा, पण त्यानंतर क्रँकला कॅमशी जोडणाऱ्या टायमिंग चेनकडे वळा. मालकाला विचारा, सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद पुढून खडखड येते का? 'हो' म्हणाला तर निम्मं निदान तिथेच झालं. चेन रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या प्रत्येक लिंकची पिन थोडी थोडी झिजते आणि शंभरावर लिंकची झीज मिळून कॅम मागे पडतो. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला दिसला तर चेन संपली. तिथे नुसता टेन्शनर बदलून गाडी देणाऱ्यांचं मला पटत नाही.

पी 0011 किंवा पी 0012, म्हणजे कॅम सांगितलेल्या जागेच्या पुढे किंवा मागे असल्याचा कोड, आला तर मी आधी डिपस्टिक काढतो. व्हीव्हीटी, म्हणजे कॅम गरजेप्रमाणे पुढे-मागे करणारी यंत्रणा, इंजिन ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल कमी, काळंकुट्ट किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल तर कॅम सांगितलेल्या जागी जाणार कसा? मग ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून त्याची बारीक जाळी उजेडात धरायची. व्हॉल्व्हला क्षणभर बॅटरीचा करंट द्यायचा. आतली दांडी टक्कन सरकली पाहिजे. वीस मिनिटांचं काम आहे, पण घाईवाले ते सोडून थेट पार्टच्या दुकानात जातात.

आता माझ्या सगळ्यात मोठ्या दुखण्याबद्दल. रंगीत लिंक.

चेनवर दोन-तीन लिंक वेगळ्या रंगाच्या असतात. चेन बसवताना त्या स्प्रॉकेटवरच्या, म्हणजे दातेरी चक्रांवरच्या, खुणांसमोर आणायच्या. त्यांचं काम तेवढंच. इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवलं की स्प्रॉकेटच्या खुणा परत जागेवर येतात, रंगीत लिंक येत नाहीत, यायच्याही नसतात. हिशेब करून बघा. क्रँकला 18 दात, कॅमला 36 आणि चेन 130 लिंकची धरली, तर दोन फेऱ्यांत चेन 36 लिंक पुढे सरकते. सगळं पुन्हा सुरुवातीसारखं जुळायला क्रँकच्या 130 फेऱ्या लागतील. हे कोणी शिकवत नाही आणि पोरं घाबरतात.

कोल्हापुरात माझ्याच गॅरेजमध्ये हे घडलं. चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक होती, चेन किट बदलायला आलेली. पोरगं हुशार, हात चांगला. त्याने चेन अगदी बरोबर बसवली, दोन फेऱ्या फिरवल्या आणि लिंक बघून त्याचा धीर सुटला. मी पार्ट आणायला बाहेर होतो. फोन आला, "काका, खुणा जुळंनात." गाडीच्या आवाजात मी ऐकलं अर्धवट आणि बोललो, "परत बघ." तिथेच थांबायला सांगायला हवं होतं. त्याने टेन्शनर सैल केला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर कॅमवर असतोच. चेन ढिली होताच एक्झॉस्ट कॅम (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) झटक्यात फिरला. त्याने तो अंदाजाने मागे आणला, चेन चढवली, टेन्शनर सोडला. गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघत होतं, म्हणून पुन्हा हाताने न फिरवता सेल्फ मारला.

टक्क. एकच आवाज. मग सेल्फ हलका-हलका फिरायला लागला, जसा प्लग काढल्यावर फिरतो.

मी आलो तेव्हा कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. दोन सिलिंडर शून्य. हेड उतरवलं तर चार एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेले आणि पिस्टनवर व्हॉल्व्ह आपटल्याच्या चंद्रकोरीसारख्या खुणा. गाइड, सील, गास्केट, हेडचं फेसिंग, सगळा खर्च मी घातला आणि गाडी चार दिवस उशिरा दिली. पोराला बोललो नाही. लिंकची गोष्ट मी त्याला आधी सांगितलीच नव्हती.

त्या दिवसापासून माझ्याकडे पद्धत एकच. टायमिंगचं काम झालं की प्लग काढायचे, क्रँकच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावायचा आणि इंजिन फिरतं त्याच दिशेने पूर्ण दोन फेऱ्या हाताने फिरवायच्या. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. हाताने अडलेला व्हॉल्व्ह वाचतो. सेल्फला कळत नाही काय अडलंय. नंतर फक्त स्प्रॉकेटच्या खुणा बघायच्या. हे झाल्याशिवाय बॅटरीची वायर जोडायची नाही, गिऱ्हाईक कितीही उभं राहो. आणि उलटं फिरवायचं नाही. उलट फिरवल्यावर चेनची ढील टेन्शनरच्या बाजूला राहत नाही, आणि दात सुटायला तेवढं पुरतं.

दुसरा एक शॉर्टकट सर्रास चालतो. खोलण्याआधी जुन्या चेनवर, स्प्रॉकेटवर पांढऱ्या रंगाने खुणा करायच्या आणि नवी चेन त्याच खुणांवर बसवायची. टायमिंग आधीच सरकलं असेल तर? तुम्ही बिघाडाचीच नक्कल बसवली. खुणा कंपनीच्या बघा, क्रँक-कॅम जागेवर धरणारी लॉकिंग पिन मिळत असेल तर पिन वापरा. काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला त्याची जागा पक्की करणारी चावी (की) नसतेच, नुसत्या बोल्टच्या दाबावर ते धरून राहतं. तिथे पिनशिवाय हात घालू नका, आणि तो बोल्ट नवाच टाका.

"गाडी चालू झाली ना, मग झालं" हेही ऐकतो. 36 दातांच्या कॅमवर एक दात म्हणजे कॅमचे 10 अंश, क्रँकचे 20. अशी गाडी चालू होते, आयडलही धरते, पण पिकअप नसतो, पेट्रोल जास्त खाते आणि चढाला दम टाकते. शंका आली तर कॉम्प्रेशन घ्या. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील तर पिस्टनच्या रिंगांच्या आधी टायमिंग बघा. इनटेकला (इंजिनात हवा जाते तिथे) व्हॅक्यूम गेज लावलं तरी चालतं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं. पुणे-कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा दोनेक इंच कमी धरा. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह उशिरा उघडत असण्याचा संशय घ्या.

चेनऐवजी बेल्ट असलेल्या इंजिनांत नुसता बेल्ट बदलू नका. टेन्शनर आणि आयडलर पुलीही बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. ऑइल सील गळत असेल तर आधी सील, नाहीतर नवा बेल्ट ऑइलने फुगून जाईल.

नवा टेन्शनर दाबून धरणारी पिन काढायला विसरू नका. मी ती पिन काढून गिऱ्हाइकाच्या किल्लीला अडकवतो. पिन किल्लीला दिसल्याशिवाय गाडीला किल्ली लागत नाही.

पुढचं कव्हर लावताना सिलिकॉन बोटभर जाड ओढू नका. आत दाबला गेलेला तुकडा इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत (संपमध्ये) पडतो, तिथून ऑइलच्या जाळीवर बसतो, आणि महिन्याभराने तीच गाडी ऑइलचा दाब कमी म्हणून तुमच्याच दारात उभी राहते.