मल्टरमधून फाइल थेट एस३ बकेटमध्ये: अडलं कुठे, सुटलं कसं

एक्स्प्रेस या नोडच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये फाइल-अपलोड सांभाळणाऱ्या मल्टरला मल्टर-एस३ जोडलं की फाइल सर्व्हरच्या डिस्कवर न उतरता थेट बकेटमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या एस३ या साठवण-सेवेतल्या कप्प्यात जाते. माझ्याकडे आधी ‘सेंड इज नॉट अ फंक्शन’ ही एरर आली, कारण मल्टर-एस३ च्या आवृत्ती ३ ला एडब्ल्यूएस एसडीके ३ (ॲमेझॉनच्या सेवा कोडमधून वापरायची लायब्ररी) चा एस३-क्लायंटच लागतो आणि मी जुना दिला होता. एसडीके बदलला. मग एसीएल (कोणाला फाइल वाचता येईल याची यादी) चालत नसल्याची तक्रार: एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटमध्ये एसीएल मुळातच बंद असतात. फाइल सगळ्यांना खुली करणारी ‘पब्लिक-रीड’ची ओळ काढली, फाइल दाखवायला सही केलेली, मुदतीची लिंक पुरते (आणि तेच बरं). चित्रं उघडण्याऐवजी डाउनलोड होत होती. कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार) न दिल्यास ऑक्टेट-स्ट्रीम, म्हणजे नुसता बायनरी डेटा, हा प्रकार लागतो, म्हणून मल्टर-एस३ चा ऑटो-कंटेंट-टाइप लावला. १ एमबीवरच्या फाइलला ४१३ (‘पाठवलेला मजकूर फार मोठा’ ही एरर) मिळत असेल तर मल्टरला दोष नको, पुढे बसवलेल्या एनजिनएक्स या वेब-सर्व्हरमधली क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ वाढवा.