निळा जांभळा छापून येतो तेव्हा
दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळाच्या पत्रिकेवरचा मोराचा गळा स्क्रीनवर गर्द निळा होता, छापून आला जांभळा. फार हळहळ वाटली. दोष शाईचा नव्हता, फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या रंगपद्धतीत होती. तिथला भडक निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत (सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, शिवाय पिवळा आणि काळा) नेताना मॅजेंटा चढतो आणि निळ्याचा जांभळा होतो. सायन १०० टक्के असेल तर मॅजेंटा ७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, हे अंतर पाळाच. फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपला प्रेसवाल्याने सांगितलेलं प्रोफाइल (त्याच्या छपाईत रंग कसे उतरतात त्याची नोंद) निवडा, मग कंट्रोल-वाय दाबा. छपाईत रंग साधारण कसा उतरेल ते दिसेल. मोठी ऑर्डर असली तर त्याच कागदावर एक प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, काढून घ्या आणि ते ट्यूबलाइटखाली नको, दिवसा खिडकीशी धरून बघा.