पाटी ठोकली, कायदा संपला? धूम्रपानबंदीतल्या या चुका टाळा

हॉटेलांचे परवाने आणि तपासणीची कागदपत्रं हे माझं रोजचं काम. बाजारातून ‘धूम्रपान निषिद्ध’ची तयार पाटी आणून भिंतीला ठोकली की झालं, असं समजणारे मालक सारखे भेटतात.

सगळ्यात महागात पडतो स्मोकिंग रूमचा उत्साह. ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त माणसं बसतील असं रेस्टॉरंट आणि विमानतळ, एवढ्यांनाच सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीच्या २००८च्या नियमांत ती मुभा आहे. ऑफिसला नाही, मग ते कितीही मोठं असो. पुण्यात एका मालकाने घाईघाईत अर्ध्या उंचीची काच उभारली, एक्झॉस्ट लावला आणि मला ‘एकदा नजर टाका’ म्हणून बोलावलं. एक्झॉस्ट उघडत होता किचनच्या पॅसेजमध्ये. आत वेटर चहा देत फिरत होता! भिंती छतापर्यंत हव्यात, दार आपोआप मिटणारं हवं, धूर थेट इमारतीबाहेर जायला हवा, आतला हवेचा दाब बाकी इमारतीपेक्षा कमी हवा आणि आत काहीही सर्व्ह करायचं नाही, हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग साहेब, गिऱ्हाईक तिथे बसेल कशाला?” अहो, ती बसायची खोली नाहीच. शेवटी काच उतरवावी लागली. मी दाराच्या फटीशी अगरबत्ती धरतो. धूर आत ओढला गेला तरच खोली पास. कंत्राटदाराच्या शब्दावर मी जात नाही.

पाटी ६० बाय ३० सेंटिमीटरची लागते, आणि ती फक्त गल्ल्यामागे लावून भागत नाही. प्रत्येक प्रवेशद्वार, मजला, जिना, लिफ्टचं दार, सगळीकडे हवी. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नावही ठळक लिहायचं असतं. बहुतेक ठिकाणी ती जागा कोरी, नाहीतर नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचं नाव. मी नाव वेगळ्या पट्टीवर लिहून घेतो, माणूस बदलला की पट्टी बदलायची.

टेबलावरचा ॲशट्रे आधी उचला. माचीस, लायटरही.

“दंड दोनशेच ना?” हा लाडका प्रश्न. ओढणाऱ्याला कमाल २०० रुपये, बरोबर. पण तक्रार येऊनही मालक गप्प बसला, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्या माथी.

व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, धूर नसतो म्हणून चालतं, हे तर ऐकवतच नाही. २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, जाहिरात आणि साठवणूकही बंद आहे. काउंटरखाली ठेवलेला डबा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड देऊ शकतो, किंवा दोन्ही.